चालू गोळ्यांना हात लावणार आहेत का? किडनी ट्रान्सप्लांटनंतर ट्रायलला ‘हो’ म्हणण्याआधी

सोलापूरच्या एका ताईंचा प्रश्न आहे. यजमानांचं किडनी ट्रान्सप्लांट तीन वर्षांपूर्वी पुण्यात झालं, किडनी सासूबाईंची. क्रिएटिनिन, म्हणजे किडनी कशी चालतेय ते दाखवणारा रक्तातला आकडा, १.४ वर स्थिर आहे. आता हॉस्पिटलमधून फोन आलाय की एका नव्या औषधाची ट्रायल सुरू होतेय. महिन्यातून एकदा सलाइनमधून औषध मिळेल आणि टॅक्रोलिमस, म्हणजे शरीरानं नवी किडनी नाकारू नये (रिजेक्शन होऊ नये) म्हणून घ्यायची गोळी, हळूहळू बंद करतील. औषधं, तपासण्या, येण्याजाण्याचा खर्च सगळं कंपनी बघेल. यजमान तयार आहेत. सासूबाई म्हणतात, “मी किडनी लेकाला दिली, प्रयोगाला नाही.” ताई विचारतात, कुणाचं ऐकू?

ताई, तुमच्या यजमानांचे रिपोर्ट माझ्यासमोर नाहीत आणि ते संमतीपत्रही मी वाचलेलं नाही. त्यामुळे त्यांच्यासाठीचा शेवटचा निर्णय मी देऊ शकत नाही. पण असे प्रश्न माझ्या ओपीडीत कायम येतात, आणि त्यांची उकल मी कशी करतो ते सांगता येईल. ट्रान्सप्लांटच्या पेशंटनं कुठल्याही ट्रायलबद्दल सगळ्यात आधी एकच विचारायचं: माझ्या चालू गोळ्यांना हात लावणार आहात का? कंपनी कुठली, औषध कुठल्या देशातलं, आत्तापर्यंत किती जणांना दिलंय, हे सगळं त्यानंतर.

काही ट्रायलमध्ये नेहमीच्या गोळ्या जशाच्या तशा ठेवून वरून एखादं औषध दिलं जातं. काहींमध्ये एक गोळी काढून तिच्या जागी दुसरं औषध येतं. आणि काहींमध्ये ‘इतकी औषधं लागतात तरी का’ हे बघायला एखादी गोळी नुसती कमी किंवा बंद करतात. तिन्हींना आपण ट्रायलच म्हणतो, पण किडनीच्या दृष्टीनं त्या एका पंगतीत बसणाऱ्या नाहीत. तुम्हाला सांगितलेली ट्रायल दुसऱ्या प्रकारची आहे.

आधी वरून औषध देणाऱ्यांबद्दल थोडक्यात. युरोप आणि कॅनडात झालेल्या अलर्ट ट्रायलमध्ये २१०२ किडनी ट्रान्सप्लांट पेशंटांना फ्लुवास्टॅटिन ही कोलेस्टेरॉलची गोळी किंवा तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी, म्हणजे प्लासिबो, दिली होती. निकाल २००३ मध्ये आला. मुख्य निकष थोडक्यात हुकला, पण हृदयविकारानं होणारे मृत्यू आणि हार्ट अटॅक यांचा एकत्र हिशोब मांडला तर ते बरेच कमी झालेले दिसले. अमेरिका, कॅनडा आणि ब्राझीलमधल्या फेवरिट ट्रायलमध्ये ४११० पेशंटांना फॉलिक अॅसिड आणि बी जीवनसत्त्वांचा मोठा किंवा अगदी छोटा डोस दिला. फायदा दिसेना म्हणून ती वेळेआधी थांबवली. दोन्हींत कुणाच्याही रिजेक्शनच्या गोळ्यांना हात लावला नव्हता. अशा ट्रायलमध्ये नुकसानीचा धोका कमी असतो, म्हणून पेशंट बाकी ठणठणीत असेल तर मी स्वतःहून म्हणतो, जा. नुसतं रक्त, लघवी आणि माहिती देण्याचा अभ्यास असेल तर विचार करण्यात फार वेळ घालवू नका, द्या.

प्लासिबोची भीती बहुतेकांना इथेच वाटते. “आम्हाला खोटी गोळी देतील आणि किडनी जाईल.” ट्रान्सप्लांटच्या ट्रायलमध्ये रिजेक्शनची सगळी औषधं बंद करून नुसत्या प्लासिबोवर कुणालाही ठेवत नाहीत. प्लासिबो येते ती नेहमीच्या औषधांच्या जोडीला. तसं नसेल तर पेशंटच्या हिताच्या दृष्टीनं ट्रायल तपासणारी एथिक्स कमिटी मंजुरीच देणार नाही, आणि कुणी तसं सांगितलं तर तिथून उठून या.

आता बंद करून बघणाऱ्या ट्रायल. त्यांच्याबद्दल मी कडक बोलतो, आणि त्याला कारण आहे. अमेरिकेत काही केंद्रांनी मिळून अगदी निवडक पेशंट घेतले. किडनी जिवंत दात्याची, पहिलं ट्रान्सप्लांट, एकदाही रिजेक्शन नाही, नव्या किडनीविरुद्ध शरीराची काहीच हालचाल नाही. त्यांच्यातल्या काहींचं टॅक्रोलिमस सावकाश बंद करायचं असं ठरलं. गोळी बंद करण्याच्या गटात १४ जण होते. त्यातल्या चौघांना रिजेक्शन झालं आणि पाच जणांच्या रक्तात दात्याच्या किडनीविरुद्ध अँटिबॉडी तयार झाल्या. ट्रायल तिथेच थांबवली. २०१५ मध्ये हे प्रसिद्ध झालं तेव्हा आमच्यातल्या अनेकांना धक्का बसला, कारण ‘याचं टॅक्रो बंद केलं तरी चालेल’ असं ज्यांच्याबद्दल आम्ही डोळे मिटून म्हटलं असतं, तसलेच हे पेशंट होते. ट्रायल झाली नसती तर तेच काम ठिकठिकाणचे डॉक्टर आपापल्या अंदाजानं करत राहिले असते आणि कुणाला काही कळलंही नसतं, हेही खरं. पण माझ्या समोरच्या पेशंटला मी तिथे पाठवलं असतं का? नाही.

तुमच्या प्रकारच्या, म्हणजे टॅक्रोच्या जागी दुसरं औषध देणाऱ्या ट्रायलचं एक चांगलं उदाहरण आहे. बेलाटासेप्ट हे महिन्यातून एकदा शिरेतून द्यायचं औषध अमेरिकेत २०११ मध्ये मंजूर झालं. पुढे एका ट्रायलमध्ये ट्रान्सप्लांट होऊन सहा महिने ते पाच वर्षं झालेले ४४६ स्थिर पेशंट घेतले. निम्मे टॅक्रोलिमस किंवा त्याच कामाच्या सायक्लोस्पोरिन या जुन्या औषधावरच राहिले, निम्म्यांना बेलाटासेप्टवर नेलं. दोन वर्षांनी दोन्ही गटांत ९८ टक्के लोक जिवंत होते आणि किडनी चालू होती. किडनीची गाळण्याची क्षमता बेलाटासेप्टच्या गटात सरासरी ५५.५ निघाली, जुन्या औषधांच्या गटात ४८.५. दात्याविरुद्धच्या नव्या अँटिबॉडी बेलाटासेप्टच्या गटात १ टक्का, जुन्या औषधांवर ७. आणि बायोप्सीत, म्हणजे किडनीचा बारीक तुकडा काढून केलेल्या तपासणीत, सिद्ध झालेलं रिजेक्शन मात्र बेलाटासेप्टच्या गटात ८ टक्के, जुन्या औषधांवर ४.

हे आकडे दोनदा वाचा. किडनी जास्त चांगली चालली आणि रिजेक्शनही दुप्पट झालं, एकाच ट्रायलमध्ये. यातलं काय कुणाच्या वाट्याला येईल ते आधी सांगता येत नाही. म्हणून अशा ट्रायलला नुसतं चांगली किंवा वाईट म्हणणं मला पटत नाही. ती कुणासाठी आहे ते बघावं लागतं.

टॅक्रोलिमसनं ज्याचे हात इतके थरथरतात की सही करता येत नाही, ट्रान्सप्लांटनंतर ज्याला नव्यानं साखरेचा आजार जडलाय, किंवा ज्याच्या बायोप्सीत टॅक्रोचाच मार किडनीवर दिसतोय, त्याला बदलातून मिळवण्यासारखं खूप आहे. तुमच्या यजमानांचं क्रिएटिनिन १.४ आहे, तेही तीन वर्षं स्थिर. साखर नॉर्मल असेल, हात थरथरत नसतील, टॅक्रोची रक्तातली लेव्हल नीट राहत असेल, तर त्यांच्या पदरात पडण्यासारखं थोडं आणि गमावण्यासारखं बरंच आहे. अशा माणसाला मी या प्रकारच्या ट्रायलसाठी घाई करू नका असंच सांगेन. वरच्यापैकी एखादी तक्रार असेल तर मात्र माझं उत्तर बदलेल, आणि मी तुम्हाला कागद घेऊन बसायला सांगेन.

आणखी एक गोष्ट विचारात घ्या, जी कागदावर कुणी ठळक लिहीत नाही. गोळी घरात असते, सलाइन हॉस्पिटलमध्ये. टॅक्रो बंद झाल्यावर महिन्याचं ते इंजेक्शन हाच आधार उरतो. पावसात गाडी रद्द झाली, घरात लग्न निघालं, ताप आला म्हणून जायचं राहिलं, तर त्या खाड्याला घरी पर्याय नाही. सोलापूरहून दर महिन्याला ठरलेल्या चार-पाच दिवसांच्या आत पुण्याला पोचणं दोन-तीन वर्षं जमेल का, याचं उत्तर ट्रायलवाल्यांपेक्षा तुम्हालाच जास्त ठाऊक आहे.

वैद्यकीय बाजूनं तीन रिपोर्ट आधी मागून घ्या. पहिला एचएलए जुळणीचा, म्हणजे दात्याच्या आणि पेशंटच्या पेशींवरच्या ओळखखुणा किती जुळतात त्याचा. आईकडून मुलाला निम्मी जुळणी मिळतेच, पण आईचा उरलेला निम्मा भाग मुलाच्या शरीराला परकाच असतो. गोळ्यांचं दडपण कमी झालं की त्याविरुद्ध अँटिबॉडी होऊ शकतात. विशेषतः डीक्यू नावाच्या ठिकाणची न जुळणारी जोडी त्रास देते, असं त्या थांबवलेल्या ट्रायलनंतरच्या अभ्यासातून पुढे आलं. दुसरा रिपोर्ट म्हणजे अशा अँटिबॉडी आत्ता आहेत का, याचा. त्या आधीच असतील तर औषध बदलण्याचा विषय तिथेच संपवा. तिसरा, औषध बेलाटासेप्टच्या जातीचं असेल तर ईबीव्ही या विषाणूची तपासणी. ज्यांना हा विषाणू आधी कधीच होऊन गेलेला नाही त्यांच्यात या जातीच्या औषधानं लसिकाग्रंथींच्या एका प्रकारच्या कॅन्सरचा धोका वाढतो. आपल्याकडे बहुतेक प्रौढांना तो लहानपणीच होऊन गेलेला असतो, पण कागदावर बघितल्याशिवाय गृहीत धरू नका. याच औषधाच्या ट्रायलमध्ये टीबीही जास्त दिसला होता. आपल्या देशात हा मुद्दा तळटीप म्हणून सोडून देण्यासारखा नाही, तेव्हा घरात कुणाला टीबी होऊन गेला असेल तर न लाजता सांगा.

आता सासूबाईंचा मुद्दा. कायद्यानं संमती फक्त पेशंटची लागते, दात्याची नाही. पण ऑपरेशनची खूण कुशीत घेऊन वावरणाऱ्या बाईला ‘तुमचा काय संबंध’ असं म्हणू नका. त्यांना शेजारी बसवून डॉक्टरांकडून ऐकू द्या. ‘प्रयोग’ म्हटलं की जे डोळ्यांसमोर येतं, त्यापेक्षा ट्रायलमध्ये पेशंटवर नजर कितीतरी बारीक असते, हे त्यांना कळायला हवं. आणि दुसरी एक गोष्टही कळायला हवी: त्यांचा लेक आज ज्या गोळ्यांवर जगतोय त्या तीन गोळ्यांचं मिश्रणच मुळात हजारो अनोळखी पेशंटांनी ट्रायलमध्ये भाग घेतल्यामुळे ठरलं.

१९५४ मध्ये बॉस्टनमध्ये पहिलं यशस्वी किडनी ट्रान्सप्लांट झालं ते एकसारख्या जुळ्या भावांमध्ये, म्हणून निभावलं. भारतात वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात १९७१ मध्ये जिवंत दात्याची किडनी यशस्वीपणे बसवली, तेव्हा हाताशी होतं अॅझाथायोप्रिन आणि भरपूर स्टेरॉइड. नॉर्वेच्या मातीतल्या एका बुरशीतून सायक्लोस्पोरिन मिळालं. १९८३ च्या युरोपातल्या ट्रायलमध्ये मृत दात्याची किडनी एका वर्षानंतर चालू असण्याचं प्रमाण सायक्लोस्पोरिनवर ७२ टक्के आणि जुन्या औषधांवर ५२ टक्के निघालं. त्या जुन्या औषधांच्या गटातल्या माणसांना हे आधी माहीत नव्हतं. कुणालाच नव्हतं, म्हणून तर ट्रायल होती.

नंतर जपानमधल्या त्सुकुबाच्या मातीतल्या जंतूपासून टॅक्रोलिमस आलं. मग प्रश्न पडला की यातलं कुठलं आणि किती? १५ देशांतल्या १६४५ पेशंटांनी सिम्फनी ट्रायलमध्ये भाग घेतला आणि २००७ मध्ये उत्तर मिळालं. चार गट होते. कमी डोसच्या टॅक्रोवर पहिल्या वर्षात रिजेक्शन १२ टक्क्यांच्या आसपास, नेहमीच्या डोसच्या सायक्लोस्पोरिनवर २६ आणि सिरोलिमस या आणखी एका औषधावर ३७. किडनीचं कामही टॅक्रोवरच सगळ्यात चांगलं. आज ओपीडीत ‘तुमची लेव्हल सहा आली, छान’ असं आम्ही म्हणतो, ते त्या ट्रायलच्या जिवावर. सिरोलिमसच्या गटातल्या लोकांना त्यातून स्वतःसाठी काही मिळालं नाही, हेही सासूबाईंना सांगायला हरकत नाही. लपवून पटवलेली गोष्ट टिकत नाही.

भाग न घेण्याचीही किंमत असते, आणि ती आपण कोविडमध्ये मोजली. फायझर आणि मॉडर्नाच्या लसींच्या मोठ्या ट्रायलमध्ये प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांना घेतलंच नव्हतं. लस आली तेव्हा ट्रान्सप्लांटच्या पेशंटांना ‘चालेल का, उपयोग होईल का’ याचं खात्रीचं उत्तर आमच्याकडे नव्हतं. इकडे भारतातल्या अनेक केंद्रांनी मिळून प्रसिद्ध केलेल्या २५० किडनी ट्रान्सप्लांट पेशंटांच्या नोंदीत कोविडनं मृत्यूचं प्रमाण ११.६ टक्के होतं, आणि फोनवर पेशंट विचारत होते, लस घेऊ का? नंतर अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सच्या गटानं ६५८ ट्रान्सप्लांट पेशंटांचं रक्त तपासलं, तेव्हा दोन डोसनंतरही जेमतेम ५४ टक्के जणांत अँटिबॉडी सापडल्या. मग टोरांटोत १२० ट्रान्सप्लांट पेशंट पुढे आले. निम्म्यांना तिसरा डोस, निम्म्यांना प्लासिबो. पुरेशा अँटिबॉडी तिसऱ्या डोसवर ५५ टक्के, प्लासिबोवर १८ टक्के. फक्त १२० माणसं, पण तिसऱ्या डोसबद्दल पेशंटला आकड्यानिशी सांगता आलं ते त्यांच्यामुळे.

आपल्या लोकांनी भाग घ्यावा असं मला वाटतं याचं आणखी एक कारण म्हणजे आपलं शरीर आणि आपले आजार. टॅक्रोलिमस लवकर पचवून टाकणारा सीवायपी३ए५ हा जनुक ज्यांच्यात चालू असतो, त्यांना इतरांपेक्षा दीडपट ते दुप्पट डोस लागतो, आणि असे लोक भारतात युरोपापेक्षा बरेच जास्त आहेत. टीबी झाला की रिफाम्पिसिन सुरू करावं लागतं आणि टॅक्रोची लेव्हल धाडकन खाली येते. ही डोकेदुखी युरोपातल्या ट्रायलमध्ये क्वचितच दिसते. २०२३ मध्ये आपल्या देशात १३ हजारांहून जास्त किडनी ट्रान्सप्लांट झाली, बहुतेक जिवंत दात्यांची. एवढे पेशंट असताना डोसचे आकडे मात्र आपण दुसऱ्यांच्या अंगावरून उचलतो.

पण हे झालं माझं मत. तुमच्या यजमानांवर देशासाठी पुण्य करायची सक्ती नाही. डॉक्टर ‘समाजाला उपयोग होईल’ यावर जास्त भर द्यायला लागले तर उलट सावध व्हा.

‘सगळं मोफत’ याबद्दलही बोलतो, कारण बऱ्याच घरांत निर्णय तिथेच होतो. गोळ्यांचा महिन्याचा खर्च मला माहीत आहे, तेव्हा मोह स्वाभाविक आहे. येण्याजाण्याचा खर्च, बुडालेली मजुरी, जेवण हे मिळणं योग्यच आहे आणि एथिक्स कमिटी ते मंजूर करते. पण ट्रायल संपल्यावर काय, ते आधी विचारा. ट्रायलसाठीच्या २०१९ च्या सरकारी नियमांत ट्रायलनंतर औषध मोफत चालू ठेवण्याची तरतूद आहे, पण अटींवर. ज्या आजारासाठी दुसरा उपाय नाही, औषधानं फायदा दिसलाय, डॉक्टरांची शिफारस आणि एथिक्स कमिटीची मंजुरी आहे, अशा वेळी. टॅक्रोलिमस हा दुसरा उपाय बाजारात आहेच, म्हणजे ही तरतूद तुमच्या कामी येईल असं समजू नका. दोन वर्षांनी पुन्हा टॅक्रोवर यायचं असेल तर ते कोण आणि कसं करणार, हे लेखी असू द्या.

ज्यांनी फोन केला ते तुमचे नेहमीचेच डॉक्टर असतील, तर ते एकाच वेळी तुमचे डॉक्टर आणि ट्रायलचे संशोधक आहेत. त्यात काही काळंबेरं आहे असं नाही, जगभर असंच चालतं. पण ट्रायलशी काही संबंध नसलेल्या दुसऱ्या नेफ्रॉलॉजिस्टला, म्हणजे किडनीच्या डॉक्टरांना, एकदा कागद दाखवा. त्यावर चांगला संशोधक रागवत नाही. रागावला तर तीही एक माहितीच.

संमतीपत्र घरी आणा, मराठीतलं. ते मागणं हा तुमचा हक्क आहे आणि सही केल्यावर त्याची प्रत तुमच्याकडे राहते. त्याच्यावर सीटीआरआयचा नोंदणी क्रमांक शोधा. सीटीआरआय म्हणजे देशातल्या ट्रायलची सरकारी नोंदवही. ती २००७ मध्ये सुरू झाली आणि औषधांच्या ट्रायलसाठी जून २००९ पासून नोंदणी सक्तीची आहे. क्रमांक वेबसाइटवर टाकला की प्रायोजक, म्हणजे ट्रायल करवून घेणारी कंपनी, कोण, केंद्रं कुठली, किती पेशंट घेणार, हे सगळं उघड दिसतं. क्रमांकच नसेल तर पुढे वाचू नका. नंतर बघा की बायोप्सी किती आणि कधी. ट्रायलसाठी ठरवून केलेल्या बायोप्सीत मोठी गुंतागुंत शंभरात एकापेक्षा कमी वेळा होते, पण ती शून्य नाही. आणि ताई, तुमच्याही कामाची एक ओळ त्यात असेल: बऱ्याच ट्रायलमध्ये पुरुष पेशंटनाही ट्रायलभर गर्भनिरोधक वापरायला सांगतात. मूल हवं असेल तर ती ओळ सहीच्या आधी दोघांनी मिळून वाचा.

नुकसानभरपाईचं पान लोक सोडून देतात. ते सोडू नका. इंदूरच्या स्वास्थ्य अधिकार मंचानं सुप्रीम कोर्टात याचिका केली, त्यानंतर २०१३ पासून नियम कडक झाले आणि पुढे २०१९ चे नवे नियम आले. ट्रायलदरम्यान काहीही इजा झाली तर उपचाराचा खर्च प्रायोजकानं करायचा, इजा ट्रायलमुळे नाही हे ठरेपर्यंत. भरपाई नुसत्या औषधाच्या दुष्परिणामापुरती नाही. नेहमीचा उपचार उपलब्ध असताना तो ट्रायलमुळे दिला नाही आणि नवं औषध लागू पडलं नाही, यातून झालेली इजाही त्यात येते. टॅक्रो काढल्यावर होणारं रिजेक्शन नेमकं इथे बसतं. मृत्यू झाल्यास मूळ रक्कम ८ लाख धरून वय आणि आजाराच्या जोखमीनुसार हिशोब होतो. बऱ्या होणाऱ्या आजारासाठी भरती व्हावं लागलं तर जितके दिवस भरती तितक्या दिवसांच्या किमान वेतनाची दुप्पट. गंभीर घटना घडल्यापासून २४ तासांत संशोधकानं ती केंद्र सरकारच्या औषध नियंत्रकाला, प्रायोजकाला आणि एथिक्स कमिटीला कळवायची असते. या कमिटीत डॉक्टरांशिवाय एक कायद्याचा जाणकार आणि एक सामान्य नागरिक असावाच लागतो. तिचा फोन नंबर संमतीपत्रावर असतो. सहीच्या आधी तो एकदा लावून बघा. उचलतात की नाही ते आत्ताच कळलेलं बरं.

कमिटीशिवाय मोठ्या ट्रायलवर एक स्वतंत्र सुरक्षा मंडळही असतं, जे मधूनमधून आकडे बघतं. हे नुसतं शोभेचं नाही. सिरोलिमसवर नेण्याच्या कन्व्हर्ट ट्रायलमध्ये ८३० पेशंट होते. ज्यांची किडनी आधीच बरीच कमजोर होती त्यांना त्रास जास्त होतोय असं दिसताच त्या गटात नवे पेशंट घेणं मध्येच बंद केलं होतं.

यजमानांनी ‘हो’ म्हटलंच तर एक रोजची बाब. टॅक्रो चालू आहे तोवर त्याची लेव्हल रात्रीच्या डोसनंतर बारा तासांनी, सकाळची गोळी घेण्याआधी घ्यायची असते. रात्री आठला गोळी घेणारा माणूस हुतात्मा एक्सप्रेसनं पुण्यात उतरून हॉस्पिटलात रक्त देईपर्यंत अकरा वाजतात. म्हणजे पंधरा तास. लेव्हल कमी दिसते, डोस वाढवला जातो, आणि महिन्यानं हात थरथरायला लागतात. साध्या फॉलोअपमध्ये हे निभावून जातं, ट्रायलमध्ये त्या आकड्यावर पुढचं सगळं ठरतं. तेव्हा ट्रायलचं काम बघणाऱ्या कोऑर्डिनेटरला विचारून आदल्या रात्रीच्या गोळीची वेळ पुढे सरकवून घ्या, किंवा लेव्हल सोलापुरातच काढून घेता येईल का ते विचारा. सकाळची गोळी खिशात ठेवा आणि रक्त दिल्या दिल्या घ्या. ट्रायलचं कार्ड पाकिटात असू द्या, आणि गावातल्या डॉक्टरांनी तापासाठी काहीही लिहून दिलं तर दुकानात जाण्याआधी त्याचा फोटो कोऑर्डिनेटरला पाठवा. क्लॅरिथ्रोमायसिन किंवा फ्लुकोनॅझोलसारखी साधी वाटणारी औषधं टॅक्रोची लेव्हल कितीतरी वर नेतात.

ट्रायलमधून कधीही, कारण न देता बाहेर पडता येतं, आणि त्यामुळे नेहमीचे उपचार थांबवता येत नाहीत. फक्त रागाच्या भरात परस्पर जाणं बंद करू नका. टॅक्रो बंद झालेलं असताना इंजेक्शनही सोडलं तर किडनीला कसलंच संरक्षण उरत नाही. आधी सांगा, टॅक्रो परत सुरू करून घ्या, आठवड्याच्या आत लेव्हल आणि क्रिएटिनिन बघा, पुढचा महिनाभर दर आठवड्याला. उरलेली ट्रायलची औषधं परत द्या आणि पावती घ्या.